कुंडी पडायच्या आधी

आमच्या घरातल्या कुणीही थिएटरात बसून कुठल्याही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. ही तक्रार नाही. काही घरांत वांगं खात नाहीत, तसं आमच्याकडे शेवट बघत नाहीत, इतकंच.

कारण बाबांची स्कूटर. सिनेमा सुटला की अख्खं थिएटर एकदम स्टँडवर येतं, आपली गाडी मधोमध अडकते, लोक हँडलात हँडल घालून ओढाओढ करतात, आरसे फुटतात, आणि आत्तापर्यंत शेजारी बसून एकाच विनोदाला हसलेली माणसं एकमेकांच्या खानदानापर्यंत जातात, असा बाबांचा सिद्धांत होता. त्यामुळे सिनेमा संपायला दहाएक मिनिटं उरली की अंधारात ते स्वतःच्या गुडघ्यावर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "चला." पडद्यावर नायक कड्याला लोंबकळत असला तरी हरकत नसे. "त्याची काळजी घ्यायला दिग्दर्शक आहे. स्कूटर बाहेर एकटी आहे."

शेवट मग ते वाटेत सांगायचे. तिकडे आता काय चाललं असेल, हे त्यांना इतकं नेमकं ठाऊक असायचं की ते त्यांनी पाहिलेलं नाही, ही शंकासुद्धा कधी मनात आली नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवताना पार्श्वभूमी, आणि सिग्नलला थांबल्यावर मान मागे वळवून मुख्य घटना. लाल दिवा लांबला की नायकाला जास्तीचं संकट यायचं. शाळेत मैत्रिणींशी माझी यावरून भांडणं होत. त्यांनी शेवट डोळ्यांनी पाहिलेला असूनही त्यांना तो नीट माहीत नसतो, याचं मला फार नवल वाटे.

मोठेपणी मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागले. लोकांच्या पुस्तकांचे शेवट शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणं, यावर माझं पोट चालतं. बाबांना हा धंदा मनातून पटलेला नव्हता.

आता त्या सिनेमाकडे येते. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात तो 'कुंडीचा सिनेमा'. विनोदी, आणि विस्मरणावरचा. विमा कंपनीतला एक कारकून सकाळी अर्धी कॉफी तशीच टाकून कामाला पळतो. खाली रस्त्यावर पोचतो, काहीतरी आठवून थांबतो, मागे वळून खिडकीतल्या बायकोला ओरडून म्हणतो, "अगं, एक सांगायचं राहिलं—" आणि वरच्या मजल्यावरून त्याच्या डोक्यात कुंडी पडते. शुद्धीवर येतो तेव्हा सगळं साफ. बायकोसुद्धा. डॉक्टर बजावतात, जबरदस्तीने काही आठवून द्यायचं नाही. मग ती बिचारी समोरच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला जाते. हा तिच्या प्रेमात पडतो. ती म्हणते, माझं लग्न झालंय. हा तिच्या नवऱ्यावर जळायला लागतो आणि त्याचा छडा लावायला गुप्तहेर नेमतो. गुप्तहेर सगळा तपास करून येऊन सांगतो, "साहेब, तो नवरा तुम्हीच." हा त्याला लबाड ठरवून हाकलून देतो. आणि एवढ्या सगळ्या गोंधळात त्या बाईचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: त्या दिवशी ह्याला सांगायचं काय राहिलं होतं?

शेवटी हा तिला लग्नाच्या नोंदणी कचेरीपर्यंत आणतो. दोघं पायऱ्यांवर उभे. वर गॅलरीत कुणीतरी झाडांना पाणी घालतंय. कठड्यावरची कुंडी डुलायला लागते.

"चला."

बाबांनी हा सिनेमा चारदा पाहिला आणि चारही वेळा कुंडी डुलेपर्यंत. पहिल्यांदा आत्याला घेऊन, तेव्हा सायकल होती. मग लग्न झाल्यावर आईला घेऊन, नव्या स्कूटरवरून. पुढे तो पुन्हा लागला तेव्हा दादाला घेऊन, कारण मी कांजिण्यांनी घरी पडले होते. आणि मी बरी झाल्यावर माझी समजूत म्हणून मला घेऊन. त्या सिनेमातलं ते वाक्य मात्र त्यांनी कायमचं घरी आणलं. उंबऱ्यातून बाहेर पडता पडता ते हटकून वळायचे: "अगं, एक सांगायचं राहिलं." मग वरच्या मजल्याकडे एक घाबरलेली नजर टाकायची, आणि सांगायचं काय, तर गिरणीतून दळण आणायचंय.

ते गेले त्या दुपारीही त्यांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली होती. "अगं, एक सांगायचं राहिलं." आई म्हणाली, "आले." गॅस बंद करून ती बाहेर आली, तेवढाच काय तो वेळ गेला.

भेटायला येणारे थांबल्यावर एका दुपारी आम्ही चौघं त्यांचं कपाट आवरत होतो. आत्या मदतीला म्हणून आली होती आणि पलंगावर बसून प्रत्येक सदऱ्याचा इतिहास सांगत होती. मधेच म्हणाली, "त्या कुंडीच्या सिनेमातसुद्धा बघा, शेवटी सांगायचं काय होतं, तर तुझ्या चपलेचा बंद तुटलाय."

दादा सदऱ्याची घडी घालायचा थांबला. "चपलेचा? किल्लीचं होतं ना? किल्ली घेतलीस का, असं विचारायचं असतं त्याला."

"कुठली किल्ली?" मी म्हटलं. "रात्री दिवा मालवून झोपत जा, असं सांगायचं राहिलेलं असतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आत्याच्या चपलेचा बंद त्या काळी कायम तुटलेला असे. दादाने शाळेत असताना इतक्या किल्ल्या हरवल्या की कुलूपवाला त्याला नावाने ओळखायचा. मी उशापाशी पुस्तक आणि डोक्यावर दिवा ठेवून झोपायचे. वाङ्मयीन दृष्ट्या माझा शेवट सर्वांत सरस होता, त्यात प्रकाश होता, निद्रा होती, असं मी शांतपणे मांडून पाहिलं. दादा म्हणाला, "बायकोशी असं कोण बोलतं? ते वीजबिल भरणारा बाप बोलतो."

"म्हणजे आपल्या तिघांना गुंडाळलं की ह्याने," आत्या म्हणाली. "वहिनी, तुला काय सांगितलं होतं?"

आई कपाटाच्या तळाशी हात घालून मोजे काढत होती. ती वर न बघता म्हणाली, "मी नाही सांगणार."

"का गं?"

"खरं असेल तर पडद्यावर दिसेलच की." तिने मोज्यांची जोडी जुळवली. "मला बघायचाय तो शेवट. ह्यांनी मला जे सांगितलं, ते त्या सिनेमातलं होतं का, एवढंच मला बघायचंय."

त्या दिवसांत आईने हवं म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. जेवण, झोप, माणसं, कशाबद्दलच तिला काही म्हणायचं नव्हतं. मी लगेच म्हटलं, "त्यात काय, संध्याकाळपर्यंत शोधून देते."

हे वाक्य मी मुद्रितात पाहिलं असतं, तर समासात प्रश्नचिन्ह केलं असतं.

आधी इंटरनेट. सिनेमा तिथे नव्हता, पण त्याच्याबद्दल लिहिणारे होते. पहिल्याने पूर्ण कथा सांगून शेवटी लिहिलं होतं, 'शेवट सांगून रसभंग करत नाही.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा.' तिसऱ्याला नायकाच्या टोपीचा रंग, कुत्र्याची जात, सगळं आठवत होतं, आणि तो कुंडीपाशी येऊन सभ्यपणे थांबला होता. एरवी जगात कुणी कुणाचा रसभंग करायचा राहत नाही. आमच्या इमारतीतल्या लोकांनी मला न वाचलेल्या कादंबऱ्यांतले खुनी जिन्यात सांगितलेले आहेत. पण या एका सिनेमाच्या बाबतीत सगळ्या मानवजातीने तोंडाला कुलूप लावलं होतं.

मग इमारतीत विचारलं, आणि तिथे मी चुकले.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही कुठलाही प्रश्न ते व्हॉल्व्ह बंद केल्यासारखा निकालात काढतात. "आठवतो म्हणजे काय? तीनदा पाहिलाय. तो म्हणतो, 'अगं, नळ चालू राहिलाय!' आणि मग घरभर पाणी. काय सीन होता!"

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यातून उतरत होते. ते थांबले. "अध्यक्ष, नळाचा संबंध नाही. त्याची दाढ दुखत असते. पूर्ण सिनेमाभर तो गालाला हात लावतो, बघा तुम्ही."

"तो प्रेमात पडलेला असतो म्हणून लावतो!"

"प्रेमात माणूस छातीला हात लावतो. गालाला लावला की दाढ."

तळमजल्यावर शिवणाचा क्लास घेणाऱ्या काकू दारातूनच म्हणाल्या, सांगायचं असतं ते सदऱ्याचं बटण तुटल्याचं. बासरी शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं पडलं की मुळात कुंडी नाहीच, कलिंगड होतं. संध्याकाळपर्यंत इमारतीत नळवाले आणि दाढवाले असे दोन पक्ष पडले. कलिंगडवाले मास्तर एकटेच होते, पण ठाम होते.

"आई, या लोकांनी सिनेमा पाहिलाय तरी का?" मी वैतागून म्हटलं.

"पाहिलाय की," आई म्हणाली. "म्हणून तर विसरले."

सरकारी चित्रपट संग्रहात प्रत असल्याचं दादाने कुणाकडून तरी शोधून काढलं. मी रजा काढून गेले. लांबलचक इमारत, ओळीने सारखी दारं, आणि खिडकीपलीकडे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई.

"संपूर्ण चित्रपट की अंशतः?"

"फक्त शेवट."

"शेवट अंशात धरत नाहीत. अंश म्हणजे सुरुवातीपासून जेवढा पाहाल तेवढा."

"मग संपूर्ण."

"चित्रपटाशी आपला संबंध?"

"माझे वडील..." मी जरा थांबले. "वडील पाहायचे तो."

"म्हणजे निर्माते?"

"नाही. प्रेक्षक."

बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. निर्माता, वितरक, कलावंत, कलावंताचा वारस, संशोधक, सगळ्यांना जागा होती. "प्रेक्षकाची सोय नाही हो यात," त्या म्हणाल्या, आणि तसं त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. शेवटी मी संशोधक झाले. विषय 'विनोदी चित्रपटातील विस्मरण'. आई सहसंशोधक. आईला घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा तिने इस्त्रीची साडी काढली.

पाहण्याची खोली जेवणाच्या सुट्टीनंतर उघडते. आम्ही दोघी दारात आधीपासून उभ्या. चित्र दाखवणारे गृहस्थ निवांत आले, यंत्र लावलं, दिवा घालवला. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघीच, आणि समोर ती खिडकी, तो रस्ता, ती अर्धी कॉफी. मी तिरक्या नजरेने आईकडे बघत होते. ती गुप्तहेराला हसली. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकला, म्हणून मी पडद्याकडेच बघत राहिले.

नोंदणी कचेरी आली. पायऱ्या आल्या. गॅलरीत पाणी घालायला लागले. कुंडी डुलली, आणि खोलीत लख्ख उजेड पडला.

"चला," ते गृहस्थ म्हणाले. ते पिशवी खांद्याला लावून उभे होते.

"अहो, दहाच मिनिटं राहिलीत!"

"पाचला ऑफिस सुटतं, ताई. मग सगळी इमारत एकदम बसस्टॉपवर येते. पाय ठेवायला जागा मिळत नाही. मी बाबा जरा आधी निघतो."

मी आईकडे बघितलं. आई त्या गृहस्थांकडे टक लावून बघत होती.

"बरं, उरलेलं उद्या?"

"उद्या परत पहिल्यापासून. मधून लावायची परवानगी नाही."

"पण मग तो रोज इथेच थांबणार."

त्यांनी विचार केला. "थांबतो खरा," ते म्हणाले. "मीही पाहिलेला नाही शेवट."

बाहेर रस्त्यावर येईपर्यंत आई खाली मान घालून चालत राहिली. मला वाटलं, हिला उगीच आणलं. कोपऱ्यावर ती थांबली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून तिचा दंड धरला.

"ह्यांची बदली इथे झाली वाटतं," ती कशीबशी म्हणाली, आणि आम्ही दोघी बसस्टॉपच्या खांबाला धरून हसलो. रडलो असतो तर लोकांनी विचारपूस केली असती. हसणाऱ्यांपासून लोक लांब सरकले.

संग्रहातल्या बाईंनी दुसरा मार्ग सुचवला. एकट्या माणसाला प्रत घरी देत नाहीत, पण नोंदणीकृत संस्थेने सभासदांसाठी खेळ ठेवला तर देतात. आमच्या माहितीत नोंदणीकृत संस्था एकच होती, आणि तिचे अध्यक्ष नळ पक्षाचे प्रमुख होते.

त्यांनी तातडीची सभा बोलावली. गच्चीच्या गळतीसाठी वर्षभर जी गणसंख्या जमली नाही, ती शेवटासाठी जमली. ठराव आला, 'कुंडीच्या चित्रपटाचा शेवट सामुदायिकरीत्या पाहण्याबाबत.' दाढ पक्षाने दुरुस्ती मांडली की शेवटाबद्दल अध्यक्षांनी आधी कुठलंही मत व्यक्त करू नये. अध्यक्ष म्हणाले, ते मत नसून वस्तुस्थिती आहे. मास्तर कलिंगडाची नोंद इतिवृत्तात घ्या म्हणाले. कुणीतरी विचारलं की यात गळतीचाही विषय घेऊन टाकायचा का, तर त्यांना सगळ्यांनी खाली बसवलं.

संग्रहाची अट होती की खेळाआधी जाणकाराचं भाषण हवं. विषय स्मरणशक्ती, म्हणजे डॉक्टर हवेत, आणि इमारतीत डॉक्टर एकच. दाढ पक्षाला व्यासपीठ मिळतंय म्हणून अध्यक्षांनी समतोलासाठी आभारप्रदर्शन स्वतःकडे घेतलं. हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते, तेव्हा प्रत्येक घरातून चादरी आल्या. शिवणाच्या काकूंनी त्या एकमेकींना टाचून दिल्या. कुणाच्या चादरी विटल्यात आणि कुणाच्या उसवल्यात, हे त्या रविवारी इमारतीला कळलं, आणि त्यातून जो अबोला सुरू झाला, तो शेवटापेक्षा जास्त टिकेल अशी चिन्हं आहेत.

मला या सगळ्याची लाज वाटायला लागली होती. माझ्या वडिलांची एक खाजगी लहर, आणि तिच्यावर आता हजेरी, ठराव, आभार. आईला म्हटलं, "नको वाटत असेल तर आपण नाही जायचं. मला तर भीती वाटते. समज, तुझं वाक्य नाहीच निघालं, तर?"

आई वेणी घालत होती. "मला वेगळी भीती वाटते," ती म्हणाली.

"कसली?"

"चल, जागा धरायला हवी."

दुपारी हॉल भरला. आई, आत्या, दादा आणि मी पुढच्या रांगेत. डॉक्टरांनी स्मरणशक्तीवर बोलायला सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला गाडी हिरड्यांवर नेली आणि तिथून ते परत आलेच नाहीत. अध्यक्षांनी अखेर भाषणाच्या मधेच आभार मानून टाकले. दिवे गेले.

सिनेमा सुरू झाल्यावर मात्र लोक खरंच पाहायला लागले. कुंडी पडली तेव्हा मागून एक निराश आवाज आला, "अरेच्चा, कुंडीच आहे की!" ते मास्तर होते. नायकाने गालाला हात लावला की उजवीकडून टाळ्या, कुठे नळ दिसला की डावीकडून. पुढे पुढे टाळ्याही थांबल्या. त्या बाईने समोरच्या खिडकीतून नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं राहिलंय का हो कुणाला?" आणि तो म्हणाला, "असं वाटतं खरं, पण कुणाला ते आठवत नाही." हे वाक्य मी चौथीत असताना विनोदी होतं.

नोंदणी कचेरी. पायऱ्या. गॅलरीत पाणी. कुंडी डुलायला लागली.

आम्ही चौघं उभे राहिलो.

कुणी कुणाला खूण केली नव्हती. आत्याने तर पिशवीसुद्धा उचलली होती. दादाचा हात खिशात किल्लीवर होता. मागून एकच गलका झाला. "अहो, बसा खाली! पुढचे, खाली बसा! शेवट आलाय!"

आम्ही चौघं अंधारात एकमेकांकडे बघत उभे. मग आईने स्वतःच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवला आणि ती खाली बसली. आम्हीही बसलो.

कुंडी पडली.

नायक पायरीवर बसकण मारतो. डोळे मिचकावतो. समोर बघतो. ओळखतो. अख्ख्या हॉलमध्ये चादरीसुद्धा हलत नव्हत्या.

"अगं," तो म्हणतो, "एक सांगायचं राहिलं होतं."

ती बाई वर बघते. गॅलरीच्या कठड्यावर तिसरी कुंडी आहे. "आधी इथून बाजूला व्हा!" ती म्हणते, त्याचा हात धरून त्याला खेचते. "जाता जाता सांगा." आणि दोघं रस्त्याने चालायला लागतात, आमच्याकडे पाठ करून. तो तिच्याकडे मान वळवून भराभरा काहीतरी सांगत असतो. पण शेजारून बँड जोरात वाजत चाललेला असतो. आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही. ती हसते. समाप्त.

दिवे लागले.

"हे काय?" अध्यक्ष उठले. "सांगितलं काय त्याने?"

"बँड कशाला मधे?"

"ही फसवणूक आहे! परत लावा!"

"परत लावा, परत लावा," डॉक्टर पुढे धावले. "आवाज नको आपल्याला. तोंड दिसतंय त्याचं. माझा जन्म लोकांच्या तोंडाकडे बघण्यात गेलाय. मी सांगतो!"

शेवट परत लावला. डॉक्टरांना स्पष्ट दाढ दिसली. अध्यक्षांनी तीच जिवणी बघून नळ सिद्ध केला. काकूंना बटण. मास्तरांना आपल्या पराभवातून सावरायला दुसरी संधी मिळाली होती. ते म्हणाले, तो तिला कलिंगड आणायला सांगतोय. तिसऱ्यांदा लावा, असा गलका सुरू झाला, तेव्हा आई उठली. तिने दोन्ही हातांनी साडी नीट केली.

"चला," ती म्हणाली. "आता सगळे एकदम जिन्यात येतील."

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. माझ्या मनात सांत्वनाची चांगली चार वाक्यं तयार होती. शेवटाच्या अपूर्णतेतच कलाकृतीचं मोठेपण असतं, वगैरे. मी सुरुवात केली, "आई, सिनेमात काही सांगितलंच नाही म्हणून बाबांचं खोटं होतं असं नव्हे—"

"अगं, सांगितलं नाही तेच बरं झालं," आई म्हणाली. ती पाठमोरी होती. "मला धास्ती होती, तो माणूस तेच वाक्य बोलतोय की काय."

"कुठलं?"

तिने पातेल्यात साखर घातली, पावडर घातली. मग म्हणाली, "सिनेमातून परत येताना सिग्नलला गाडी थांबवली ह्यांनी. मागे वळले. म्हणाले, 'त्याला एवढंच सांगायचं होतं, की सकाळचा चहा फार छान झाला होता.'"

आत्याने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. त्यानंतर आयुष्यभर चहा प्यायले, पण एक शब्द? रिकामा कप आणून ठेवायचे नुसते. मी मनात म्हणायचे, त्या सिनेमातल्या माणसाला तरी कळत होतं. कितीदा वाटलं, विचारावं, ते वाक्य त्याचं होतं की तुमचं? पण ते विचारायचं कसं? आणि 'त्याचं' म्हणाले असते तर?"

"पण वहिनी," आत्या हळूच म्हणाली, "सिनेमात तर ती दोघं कॉफी पितात."

"हो ना," आई म्हणाली. "मी आज बघितलं ते. चहा कुठेच नाही."

तिने गाळणं धरून चार कप भरले. खालून हॉलमधला आवाज येत होता. बहुधा चौथ्यांदा लावलं होतं. जिन्यात कुणीतरी कुणाची तरी चादर ओढत होतं. आई आमच्या समोर बसली, आणि आम्ही चौघांनी चहा प्यायला.

"चहा छान झालाय," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.